पहिला पाहुणा येण्यापूर्वी : किनाऱ्यावरील घरगुती निवासाचा एक अभ्यास

पर्यटन हा आपल्या राज्यात शासकीय नियोजनाचा स्वतंत्र विषय झाला तो १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना झाल्यापासून. पुढे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आरंभीच्या काळात प्रवासी उतरत ते विश्रामगृहात किंवा शहरातील खानावळीच्या माडीवर. आज मालवण, वेंगुर्ले, देवगड या तालुक्यांतील किनाऱ्याच्या गावांत तो उतरतो एखाद्या कुटुंबाच्या परसात बांधलेल्या दोन खोल्यांत. महामंडळाची न्याहारी व निवास योजना, २०२० चे कृषी पर्यटन धोरण आणि महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देणारे २०२३ चे ‘आई’ धोरण यांमुळे अशा घरांची संख्या पुढेही वाढत जाईल.

या योजनांच्या अटी व अर्जाचे नमुने संबंधित कार्यालयांत मिळतात. त्यांची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. खोली बांधून झाली, रंग झाला, पलंग आले, आणि पहिल्या पाहुण्याने येण्याची तारीख कळविली. त्यानंतरच्या पंधरवड्यात काय पाहावयाचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. व्यवसायाचे पुढील वळण पुष्कळदा याच पंधरवड्यात ठरते. ग्रामपंचायतीचे व शाळेचे साहाय्य खऱ्या अर्थाने उपयोगी पडते तेही याच वेळी.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक उदाहरण घेऊ. मालवण तालुक्यातील किनाऱ्याचे गाव. कुटुंबप्रमुख मासेमारी करणारे. घरचा व्यवहार पाहतात त्या त्यांच्या पत्नी. गावात सर्व त्यांना काकी म्हणतात. बचत गटाच्या कर्जातून त्यांनी चिऱ्याच्या दोन खोल्या, कौलारू छप्पर व संडास-न्हाणीघर असे बांधकाम केले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून चार माणसांचे एक कुटुंब येणार होते. अर्धे पैसे आगाऊ आले होते आणि ते गाद्यांत व पंख्यांत खर्चही झाले होते.

पाण्याचा हिशेब

घर पाहावयास गेलो तेव्हा काकींनी कौतुकाने आरसे, पडदे आणि खळ्यातील नवे तुळशीवृंदावन दाखविले. शोषखड्डा कोठे आहे, असे विचारल्यावर त्यांनी गवंड्याकडे बोट केले. गवंड्याने नळी कमी लागावी म्हणून खड्डा विहिरीपासून जेमतेम सात मीटरांवर खणला होता. एरवीही पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान पंधरा मीटर दूर असावा असे धरतात. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यातून सांडपाणी माती गाळून घेते तसे गाळले न जाता भराभर उतरते, म्हणून आपल्याकडे हे अंतर त्याहून अधिक ठेवणे इष्ट. शिवाय त्या विहिरीवर आणखी तीन घरांचे पाणी चालत होते. पाहुण्यांचे पोट बिघडले असते तर बोभाटा पुण्यापर्यंत गेला असता हे खरे; पण पाहुणे चार दिवसांनी परत जातात, ती विहीर तीन घरांना बारा महिने प्यावयाची होती.

खड्डा अद्याप वापरात आलेला नव्हता, हे सुदैव. काकींनी त्याच संध्याकाळी पुण्यास दूरध्वनी करून आठ दिवस उशिरा या, असे कळविले. कारणही जसेच्या तसे सांगितले. पैसे परत मागितले असते तर देण्यास हाती काही नव्हते. पाहुण्यांनी तारीख बदलली. गोठ्यामागे वीस मीटरांवर, उताराच्या खालच्या अंगास नवा खड्डा झाला. जुना मातीने बुजविला.

पाणी किती लागेल, हाही प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसामागे दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. शहराच्या योजना १३५ लिटरांवर आखतात आणि शहरातील पाहुणा आपली सवय बरोबर घेऊन येतो. पाच जणांच्या घरास २७५ लिटर, तर चार पाहुण्यांस ५४० लिटर. म्हणजे पाहुणे आले की घराची गरज तिपटीच्या घरात जाते, आणि तीही मे महिन्यात, विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा.

विहिरीचे निर्जंतुकीकरण अंदाजाने होते, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. विरंजक चूर्ण, ज्यास गावोगाव टी.सी.एल. म्हणतात, ते दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम या प्रमाणात घ्यावयाचे असते. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणून चाराने भागावे; येणाऱ्या घनमीटरांस हजाराने गुणले की लिटर मिळतात. काकींच्या विहिरीचा व्यास तीन मीटर. मे महिन्यात पाणी दीड मीटर, म्हणजे सुमारे १०,६०० लिटर. त्यास सुमारे २७ ग्रॅम चूर्ण पुरे. पावसाळ्यानंतर तेच पाणी चार मीटर चढले की २८,२६० लिटर होते व ७० ग्रॅम लागते. दोन्ही वेळा मूठभर टाकणारा एकदा पाण्यास वास आणतो आणि एकदा रोगजंतू जिवंत ठेवतो. चूर्ण प्रथम बादलीत कालवावे, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी पोहऱ्याने विहिरीत सोडून ढवळावे आणि किमान एक तास उपसा करू नये. रात्री निजानीज झाल्यावर हे काम केले की सकाळपर्यंत प्रश्नच उरत नाही. उघड्या पिशवीत सादळलेल्या चुर्णाचा जोर गेलेला असतो, हेही ध्यानी घ्यावे. गावच्या जलसुरक्षकाला हे सर्व ठाऊक असते. त्याला बोलवावयाचे मात्र आपणच असते. सातवीच्या वर्गाला घनफळाचे याहून चांगले उदाहरण मिळावयाचे नाही.

समुद्र

पाहुणे कुडाळ स्थानकावरून दुपारी आले. काकींनी गूळपाणी दिले, मग कोकम सरबत. साडेपाचच्या सुमारास वडील दोन्ही मुलांसह टॉवेल घेऊन निघाले, तेव्हा अंगणात जाळे विणीत बसलेल्या काकांनी एवढेच म्हटले, “आता पाण्यात जावचा नाय.”

पाहुण्यांना ते रुचले नाही; चेहऱ्यावर दिसले. समुद्र समोर शांत होता आणि पैसे तर समुद्रासाठीच मोजले होते. तथापि त्या दिवशी चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ सुमाराने मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. चतुर्थीस तीन वाजता भरती, त्यानंतर सुमारे सहा तासांनी, नऊ वाजता, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजावयाची. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्यास बराच जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून स्थानिक मच्छीमाराचाच शब्द अखेरचा मानावा. साडेपाच वाजता पाणी ऐन ओहोटीला लागलेले होते आणि त्या पुळणीवर एका ठिकाणी ते चर पाडून आत ओढते. वरून पाहणाऱ्यास तेथे लाट कमी दिसते, म्हणून नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो.

काकांनी मुलांना किनाऱ्यावर नेऊन तो चर दाखविला, शिंपले वेचावयास लावले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, भरती चढत असताना, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांना डुंबू दिले. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड करू नये, किनाऱ्यास समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे, हेही त्यांनी मुलांना समजावून दिले. घरमालकाने पाहुणा पोहोचताच, सामान खोलीत जाण्यापूर्वी, हे सर्व सांगावे. संध्याकाळी सांगितले तर ते अडविल्यासारखे वाटते, त्या दिवशी वाटले तसे. दोरी बांधलेला रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लॅस्टिकचा कॅन दाराशी असावा. तो फेकता येतो, आणि वाचविण्यासाठी दुसऱ्याने उडी मारण्याची वेळ येत नाही. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक भिंतीवर लिहावा.

ताट आणि नोंदवही

भोजनाविषयी फार सांगावयास नको. आंबोळी, घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी यांना शिकविणारा कोणी कोकणात बाहेरून यावयाचा नाही. एकच सूचना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत येणाऱ्यास ताजे सुरमई-पापलेट देऊ असे सांगू नये. खाडीचे मासे, सुकी मासळी, पावसाळी भाज्या मिळतील, असे आधीच कळवावे. बर्फातला मासा ताजा म्हणून वाढणाऱ्या घरी पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही, आणि शेजारच्या घरीही जात नाही.

दर, जेवणाची वेळ, मद्यपानाविषयी घराचा नियम या गोष्टी पैसे घेण्यापूर्वीच सांगितलेल्या बऱ्या. आपल्या लोकांना पाहुण्यास ‘नाही’ म्हणण्याचा संकोच वाटतो. मग तो संकोच तिसऱ्या दिवशी भांडणाच्या रूपाने बाहेर येतो. नोंदवहीत प्रत्येक प्रौढाचे नाव, पत्ता व ओळखपत्राचा तपशील असावा. परदेशी नागरिक उतरल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत विहित पद्धतीने ऑनलाइन कळविणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे; एका रात्रीचा मुक्कामही यास अपवाद नाही.

ग्रामपंचायतींनी या व्यवसायाकडे केवळ वाढीव घरपट्टीच्या दृष्टीने पाहू नये, असे आमचे मत आहे. पाहुण्यांमागे येणारा कचरा, वाहनतळ आणि विहिरींवरील ताण हे प्रश्न एकट्या घराला सुटणारे नाहीत. बांधकामाची नोंद करतानाच ग्रामसेवकाने खड्डा व विहीर यांतील अंतर फीत लावून मोजले असते, तर काकींचे दुसरे खणकाम वाचले असते.

पुण्याचे कुटुंब चार दिवस राहिले. निघताना त्यांनी वहीत अभिप्राय लिहिला तो जेवणाविषयी. काकींनी उरलेल्या पैशांतून गटाचा थकलेला हप्ता भरला. त्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीने पुळणीच्या वाटेवर एक काळा फळा उभारला. शाळेतील मुले रोज सकाळी काकांना विचारून त्यावर त्या दिवसाची तिथी, भरती-ओहोटीच्या वेळा आणि कोठे उतरू नये ते खडूने लिहितात. पाऊस लागला की अक्षरे पुसतात; मधल्या सुट्टीत ती पुन्हा लिहिली जातात.