खाटीक पक्ष्याचा हिवाळी मुक्काम

गाणाऱ्या पक्ष्यांच्या गोतात एखादा शिकारी असावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी नवलाची वाटते. परंतु खाटीक हा पक्षी तसा आहे खरा. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याच्या गणाला ‘लॅनियस’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचाही अर्थ खाटीक असाच होतो.

या पक्ष्याची चोच ससाण्याप्रमाणे आकडेदार असते. पाय मात्र गाणाऱ्या पक्ष्यांचेच, नाजूक. भक्ष्य पंजात धरून फाडण्याचे बळ त्यांत नाही. म्हणून नाकतोडा किंवा लहान सरडा पकडला, की तो बाभळीच्या वा बोरीच्या काट्याला अडकवून खाटीक त्याचे लचके तोडतो. काटा हाच त्याचा पंजा होय.

काही जातींचे खाटीक आपल्याकडे बारमाही राहतात. तपकिरी खाटीक मात्र हिवाळी पाहुणा आहे. सुमारे १९ सेंटिमीटर लांबीचा, डोळ्यावरून काळी पट्टी गेलेला हा पक्षी सायबेरिया, मंगोलिया, ईशान्य चीन या भागांत घरटी करतो. तिकडे थंडी पडली की किडे नाहीसे होतात. म्हणून तो दक्षिणेची वाट धरतो. भाद्रपद-आश्विनात तो भारतात दिसू लागतो आणि चैत्राच्या सुमारास परततो.

येथे तो थव्याने राहत नाही. प्रत्येक पक्षी आपापला शिवाराचा तुकडा धरतो, झुडपाच्या शेंड्यावर बसून कर्कश ओरडतो व दुसऱ्या खाटकाला हुसकावून लावतो. पायात कडी घालून सोडलेले पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी पुन्हा आढळल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे हजारो किलोमीटरच्या प्रवासाचे शेवटचे ठिकाण एखादे ठरावीक झुडूपही असू शकते!

वाटेतला एक मुक्काम बिघडला तर काय होते, हे याच गणातील लाल पाठीच्या खाटकाने दाखवून दिले. तो युरोपात घरटी करतो व हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण भागात काढतो. २०११ साली पूर्व आफ्रिकेत दुष्काळ पडला. परतीच्या वाटेवर पक्ष्यांना तेथे पुरेसे खाद्य मिळेना, मुक्काम लांबला आणि उत्तर युरोपात ते उशिरा पोहोचले. पक्ष्यांच्या अंगावर बसविलेल्या चिमुकल्या नोंदयंत्रांवरून शास्त्रज्ञांना हे कळले.

हे वाचताना मला आमचा बांध आठवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. वडिलांना बांधावरची बाभूळ ठाऊक आहे ती जळणासाठी व औतासाठी. त्यात त्यांचे काही चुकत नाही. परंतु भावाभावांत जमिनीची वाटणी झाली की बाभळी तुटतात आणि तारेचे कुंपण येते. तारेच्या काट्यालाही खाटीक भक्ष्य अडकवील. पण बांधावरच्या पाल्यात आणि गवतात पोसणारे किडे तारेवर थोडेच पोसणार?

तेव्हा मित्रहो, बांधावर दोन बाभळी, एखादी बोर राहू द्यावी, एवढेच सुचवावेसे वाटते. सायबेरियाहून येणाऱ्या पक्ष्याला आपल्याकडून त्याहून अधिक काही नको आहे.