पांढऱ्या पेशींचे शस्त्र आणि ढाल

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द जाहिरातींमुळे आता घरोघरी पोहोचला आहे. गोळ्या, सरबते आणि पावडरींच्या डब्यांवर तो ठळकपणे छापलेला असतो. गरीब कुटुंबेही घरातील आजाऱ्यासाठी पोटाला चिमटा घेऊन असे डबे विकत घेतात. परंतु आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशी असे पदार्थ स्वतःच तयार करतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. हे पदार्थ कोणते आणि रोगात त्यांचे कार्य काय, याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

भक्षक पेशींचा शोध

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेचनिकॉव्ह हे रशियन शास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक पिलांचा अभ्यास करीत होते. त्यांनी गुलाबाचे बारीक काटे पिलांच्या शरीरात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या पेशी असतात, हा विचार त्यांनी त्यावरून मांडला. या पेशींना आपण भक्षक पेशी म्हणतो. मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

शस्त्र

जंतू गिळला म्हणजे काम संपले असे नाही. त्याला मारावेही लागते. त्यासाठी भक्षक पेशी एकाएकी जास्त प्राणवायू घेते आणि त्यापासून 'सुपरऑक्साइड' नावाचा अतिशय क्रियाशील पदार्थ बनवते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जखम धुताना फेस येतो ते औषध हेच. काही पांढऱ्या पेशी याहून पुढे जाऊन हायपोक्लोरस आम्ल बनवतात. पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकल्यावर जंतू मारणारे द्रव्य तेच होय.

काही मुलांमध्ये जन्मतःच हे शस्त्र नसते. त्यांच्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना मारू शकत नाहीत. परिणामी फुप्फुस, यकृत व गाठी यांत वारंवार पू होतो. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी हा आजार ओळखला. म्हणजे ऑक्सिडीकरण करणारा प्रत्येक पदार्थ शत्रू आहे, हा प्रचार खरा नाही.

ढाल

तथापि चुलीतील विस्तव चुलीतच राहिला पाहिजे. हेच पदार्थ बाहेर पसरले तर स्वतःच्या पेशींची चरबी, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांची हानी होते. म्हणून शस्त्राबरोबर ढालही लागते. १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड निकामी करणारे विकर दाखवून दिले. कॅटलेज हे दुसरे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करते. तिसरी ढाल ग्लुटाथायोन. ते तीन अमिनो आम्लांपासून बनते, म्हणजेच त्याचा कच्चा माल आहारातील प्रथिनांतून येतो.

या ढाली शरीरातील जवळजवळ सर्वच पेशींत असतात. मानवी भक्षक पेशी मात्र आणखी एक खास पदार्थ तयार करतात. त्याचे नाव डायहायड्रोनिओप्टेरिन. 'टी' जातीच्या पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा या द्रव्याद्वारे धोक्याची सूचना दिली की हा पदार्थ बनू लागतो. हायपोक्लोरस आम्लाशी गाठ पडली की तो स्वतः खर्ची पडतो आणि त्याचे निओप्टेरिन होते. हे निओप्टेरिन रक्तात आणि लघवीत मोजता येते. १९७९ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रूक येथे हेल्मुट वाख्टर व सहकाऱ्यांना विषाणुजन्य आजार आणि कर्करोग असलेल्या रुग्णांच्या लघवीत ते वाढलेले आढळले. क्षयरोगातही ते वाढते आणि उपचार लागू पडले की उतरते. लढाई चालू आहे एवढे त्यावरून कळते. शत्रू कोण, हे मात्र कळत नाही.

ढाल कमी पडते तेव्हा

रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीचे ऑक्सिडीकरण झाले की भक्षक पेशी ती खात सुटतात. चरबीने फुगून त्या तेथेच मरतात आणि गाठ वाढत जाते. पुढे हृदयविकाराचे मूळ हेच ठरते. डायहायड्रोनिओप्टेरिन अशा पेशींना वाचवू शकते, असे प्रयोगशाळेतील प्रयोगांत दिसले आहे. तथापि प्रयोगशाळेतील पेशी म्हणजे जिवंत माणूस नव्हे. त्यावरून औषध तयार झाले असे समजू नये.

क्षयरोगाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. क्षयाचा जंतू भक्षक पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करतो. आपले शस्त्र बोथट करण्यासाठी त्याच्याकडेही कॅटलेजसारखे विकर असते. गंमत अशी की, आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध जंतूच्या याच विकरामुळे क्रियाशील होते आणि जंतूचा नाश करते. जंतूची ढालच त्याच्यावर उलटते! परंतु रुग्णाने औषध मध्येच सोडले तर या विकरात बदल झालेले जंतू मागे उरून वाढू शकतात. मग हे औषध त्यांना लागू पडत नाही. साध्या क्षयाचे उपचार सहा महिने पुरे का करावयाचे, त्याचे एक कारण येथे आहे.

गोळी की भाकरी?

मग वरून गोळ्या घेऊन ढाल मजबूत करता येईल काय? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. उलट झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ व सोबत सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. उपाशी शरीराला ढाल घडवता येत नाही, हाच याचा अर्थ.

तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला. शरीरातही शस्त्राचा अतिरेक नको आणि शस्त्राचा अभावही नको. आणि कोणतीही गोष्ट केवळ कोणी सांगते म्हणून न स्वीकारता तपासून पाहावी, ही शिकवण जाहिरातींनाही लागू पडते.

म्हणून बंधू-भगिनींनो, घरात किंवा वस्तीत कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि पोषणासाठी २०१८ पासून निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात मदतही जमा होते. डब्यावर खर्च होणारे पैसे डाळ, अंडी, शेंगदाणे आणि पालेभाजीवर खर्च करा. तंबाखू सोडा. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील एका तरी रुग्णाचा सहा महिन्यांचा औषधक्रम पुरा होईपर्यंत त्याची विचारपूस करावी. या अभ्यासाचे सार्थक त्यातच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!