आईला आधी फोन कर

अगं, दारात पडलेलं ते राखाडी कार्ड म्हणजे पोलिसांची नोटीस नव्हे. आईचं पार्सल डेपोत अडकलंय, पैसे भरले की घरी येईल. साधारण तीन आठवडे ते ठेवतात, मग परत धाडतात. म्हणून रुसून बसू नकोस. माझ्या इंग्लंडातल्या पहिल्या दिवाळीला मीही असंच कार्ड हातात धरून बसले होते. तुझे भावोजी हसले, तेव्हा जास्तच रडू आलं.

झालं होतं असं. आईने एका खोक्यात माझी साडी, ह्यांचा कुडता आणि नणंदेचा ड्रेस भरला आणि लेबलवर एकच ओळ लिहिली: ‘कपडे’. खाली सगळ्याची मिळून किंमत, नव्वद पाउंडांच्या घरातली. आता इथला नियम बघ. माणसाने माणसाला पाठवलेली भेट 39 पाउंडांपर्यंत असेल तर कर नाही. त्याच्या वर गेली की व्हॅट, बहुतेक वस्तूंवर 20 टक्के, आणि तो टपालखर्च धरून. आईने टपालाला तीस पाउंड मोजले होते. म्हणजे 120 वर 24 पाउंड, वर पोस्टाची हाताळणी फी 8. बत्तीस पाउंड! आईला कळवलंच नाही मी. तिने पुढच्या वेळी काही पाठवलंच नसतं.

खरी गंमत पुढे कळली. एका खोक्यात तिघांच्या भेटी असल्या तर प्रत्येकाला स्वतंत्र 39 पाउंडांची सूट मिळते. अट एवढीच की प्रत्येक भेट वेगळी बांधायची, तिच्यावर नाव घालायचं आणि लेबलवर प्रत्येकीची किंमत वेगळी लिहायची. तीन कागद आणि थोडा चिकटपट्टीचा खर्च, बाई! तेवढ्यासाठी मी बत्तीस पाउंड भरले.

म्हणून म्हणते, आईला आधी फोन कर. लेबल तीच भरणार, तू नाही. ‘भेट’ असं स्पष्ट लिहायला सांग, निमित्तही लिहू दे, दिवाळी किंवा वाढदिवस. आणि किंमत खरी लिहू दे. शेजारच्या काकू तिला सांगतील की शंभर रुपये टाका, कोण बघतंय. बघतात गं. पैठणीच्या घडीवर शंभर रुपये वाचून कुणाला संशय येणार नाही? शिवाय खोकं हरवलं तर भरपाईही शंभराचीच मागता येईल. मात्र उलटही नको. लेकीची साडी म्हणून आई उगाच किंमत फुगवते, तेही थांबव.

दादा एखाद्या दुकानाच्या साइटवरून परस्पर तुझ्या पत्त्यावर काही मागवत असेल, तर ती इथल्या हिशोबात भेट नव्हे, दुकानाने पाठवलेला माल. आधी त्याच्या घरी मागवून मग त्याने पाठवलेलं बरं. वस्तू 135 पाउंडांच्या वर असेल तर व्हॅटशिवाय जकातही लागू शकते, पण आपल्या घरातून एवढं कोण पाठवतंय!

तुपाचा डबा, पेढे, खव्याचं काहीही नको. दुधाचे पदार्थ भारतातून पोस्टाने इथे आणायला बंदीच आहे. चकली, चिवडा खुशाल येऊ दे.

कर चुकून जास्त लावलाय असं वाटलं तर आधी भर, मग परत माग. रॉयल मेलने आणलेल्या पार्सलसाठी बीओआर 286 नावाचा फॉर्म आहे. खोक्यावरचं लेबल फाडून फेकू नकोस, पुरावा तोच. आणि मोबाइलवर ‘दीड पाउंड भरा, पार्सल सोडवा’ असा मेसेज आला तर लिंकवर बोट ठेवायचं नाही.

हो, श्रावणात दादाला राखी पाठवशील तेव्हा पाकिटात फक्त राखी घाल. टपालाने परदेशातून येणाऱ्या पाच हजारांपर्यंतच्या भेटींना भारतात असलेली सूट डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वाचली, आणि राखीसोबतच्या भेटीला ही सवलत नाही, असं आदेशातच लिहिलंय. चॉकलेटं घातलीस तर पैसे दादाच्या खिशातून जातील. त्याला म्हणावं, चॉकलेटं मे महिन्यात, ताईच्या बॅगेतून.