शंकेचे समाधान आणि मनाचे समाधान




मराठी भाषेतील ‘समाधान’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. अवघड प्रश्नाचे उत्तर मिळाले की आपण ‘शंकेचे समाधान झाले’ असे म्हणतो. आणि दिवसभराचे कष्ट संपवून माणूस निवांत मनाने अंथरुणाला पाठ टेकतो, तेव्हाही ‘समाधान आहे’ असेच म्हणतो. शब्द एक, पण त्याची स्थाने दोन. पहिले समाधान बुद्धीचे, दुसरे अंतःकरणाचे. पहिले मिळाले की दुसरे त्याच्या मागोमाग येईल, असे गृहीत धरून आज आपण आपल्या हुशार मुलांना वाढवत आहोत. गुण वाढवा, क्रमांक मिळवा, सुख आपोआप येईल! हे गृहीतक कितपत खरे आहे, हे या लेखात तपासून पाहू.

बुद्धी ही अमानत आहे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. इस्लाम बुद्धीला दुःखाचे मूळ मानत नाही. शरीअतच्या पाच मूलभूत उद्दिष्टांमध्ये धर्म, प्राण, वंश व संपत्ती यांच्या बरोबरीने बुद्धीचे रक्षण येते. ज्याची बुद्धी शाबूत नाही, त्याच्यावर नमाज-रोजाचीही जबाबदारी नाही. पवित्र कुरआनात ‘अक्ल’ हे नाम एकदाही आलेले नाही. त्याची क्रियापदे मात्र ४९ वेळा आली आहेत. म्हणजे बुद्धी ही जवळ बाळगून मिरवण्याची वस्तू नव्हे, ती करण्याची कृती आहे. या शब्दाच्या धातूत बांधण्याचा अर्थ आहे. उंट भटकू नये म्हणून त्याचा पाय ज्या दोरीने बांधतात, तिला अरबीत ‘इकाल’ म्हणतात. माणसाला भरकटण्यापासून आवरते ती अक्ल. शिवाय सूरह हज्जच्या ४६व्या आयतीत समजून घेण्याचे हे काम अंतःकरणाकडे सोपवलेले आहे, हेही ध्यानात घ्यावे.

‘फार हुशार तो दुःखी’ ही समजूत आधुनिक अभ्यासातही टिकलेली नाही. मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार तल्लख मुलांचा अभ्यास सुरू केला व तो पुढे अनेक दशके चालू राहिला. हुशार मूल म्हणजे दुबळे व एकलकोंडे, हा लोकांचा ग्रह त्यात चुकीचा ठरला. मात्र मोठेपणी त्यांतील काहींची आयुष्ये बहरली, काहींची नाही. आणि हा फरक निव्वळ बुद्धीच्या मापाने उलगडला नाही. तात्पर्य, बुद्धी सुखाची वैरीण नाही आणि सुखाची हमीही नाही. ती कोणाच्या सेवेत लावली आहे, हा खरा प्रश्न आहे.

एकाच सूरहमधील दोन ज्ञानी

सूरह कसस उघडून कारूनचा प्रसंग वाचा. आपल्याला मिळालेली संपत्ती आपल्याजवळच्या ज्ञानामुळेच मिळाली, असा दावा तो ७८व्या आयतीत करतो. त्याचा थाट पाहून लोक हळहळतात, आपल्यालाही असेच मिळावे म्हणतात. तेव्हा त्यांना सावध करणारी माणसे ८०व्या आयतीत येतात. त्यांचे वर्णन कुरआन ‘ज्यांना ज्ञान देण्यात आले होते’ असे करतो. कारूनचे ज्ञान ‘माझ्याजवळचे’ आहे. यांचे ज्ञान ‘दिलेले’ आहे. दोघांमध्ये अंतर आहे ते एवढेच, आणि तेवढ्यानेच एक जमिनीत गाडला गेला व दुसरे निश्चिंत राहिले. हजरत लुकमान यांना शहाणपण बहाल झाले, तेव्हा त्यासोबतचा पहिला आदेश अल्लाहचे आभार मानण्याचा होता (सूरह लुकमान, आयत १२). आभार मानणाऱ्याला देणारा आठवतो. ज्याला देणारा आठवतो, त्याला आपली देणगी ओझे वाटत नाही.

इमाम गज़ाली (रह.) यांचे मौन

या विषयावरचा सर्वांत बोलका धडा आपल्याच इतिहासात आहे. इमाम अबू हामिद गज़ाली यांचा जन्म इराणमधील तूस येथे इ.स. १०५८ साली झाला. १०९१ मध्ये वजीर निज़ामुल्मुल्क यांनी त्यांची बगदादच्या निज़ामिया मदरशात नेमणूक केली. वयाची पस्तिशीही उलटलेली नव्हती आणि तीनशे विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. अध्यापनातून उरलेल्या वेळात, गुरूवाचून, दोन वर्षांच्या आत त्यांनी तत्त्वज्ञानाचे ग्रंथ आत्मसात केले. शंकेचे समाधान करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

परंतु मनाचे समाधान? आपल्या ‘अल-मुन्किज़ मिनद्दलाल’ या आत्मकथनात ते सांगतात की, त्यांनी आपल्या अध्यापनामागचा हेतू तपासून पाहिला, तेव्हा तो केवळ अल्लाहसाठी नव्हता. कीर्ती व प्रतिष्ठा यांची ओढ त्याला चालवत होती. एक पाऊल पुढे, एक मागे, अशा घालमेलीत सुमारे सहा महिने गेले. अखेर इ.स. १०९५ मध्ये (हिजरी ४८८, रजब) त्यांची वाचाच थांबली. शिकवायला बसावे तर शब्द फुटेना. अन्न घशाखाली उतरेना. हकीमांनी निदान केले की, दुखणे अंतःकरणात आहे आणि तेथून ते शरीरात पसरले आहे.

त्याच वर्षी त्यांनी पद सोडले, कुटुंबाच्या गरजेपुरते राखून बाकीची संपत्ती वाटून टाकली व ते शाम देशी गेले. दमिश्कच्या जामा मस्जिदीच्या मिनारात दार लावून घेऊन ते दिवस दिवस एकांतात बसत. पुढे बैतुल मक्दिस व हज. सुमारे दहा वर्षांनी, ११०६ मध्ये, ते नैशापूर येथे पुन्हा शिकवू लागले.

येथे थांबून विचार करा. इमाम साहेबांनी बुद्धी टाकून दिली नाही. याच काळात ‘इह्या उलूमिद्दीन’ हा महाग्रंथ आणि फारसीतील ‘कीमिया-ए-सआदत’, म्हणजे सौख्याची किमया, हे ग्रंथ घडले. बुद्धी तीच होती, विद्याही तीच. तिचा मालक तेवढा बदलला. पूर्वी आपण मान मिळवून देणारे ज्ञान वाटत होतो, आता मानाचा मोह सोडायला लावणारे ज्ञान वाटतो, असा आपल्या दोन काळांतील फरक त्यांनीच सांगितला आहे.

हुशार मनाच्या तीन गाठी

पहिली गाठ तुलनेची. इब्लीसपाशी युक्तिवाद होता. अग्नी आणि माती यांची तुलना करून त्याने स्वतःला श्रेष्ठ ठरवले व तो कायमचा वंचित झाला (सूरह आराफ, आयत १२). ऐहिक बाबतीत आपल्यापेक्षा कमी मिळालेल्याकडे पाहावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण या गाठीवरचा उपाय आहे.

दुसरी गाठ ‘जर-तर’ची. तल्लख मन घडून गेलेल्या गोष्टीच्या शंभर वाटा कल्पू शकते, आणि प्रत्येक वाटेवर स्वतःला दोषी ठरवते. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) लाभदायक गोष्टीसाठी झटण्याची व अल्लाहची मदत मागण्याची आज्ञा दिली; आणि संकटानंतर ‘असे केले असते तर’ म्हणत बसण्यापासून रोखले, कारण हे शब्द सैतानाला दार उघडून देतात. प्रयत्न आधी, स्वीकार नंतर. हा क्रम उलटा झाला की आळस येतो, आणि स्वीकार सुटला की पश्चात्ताप पोखरतो.

तिसरी गाठ कौतुकाची. इमाम गज़ालींना जिने मुके केले, ती हीच. प्रेषित (स.) ज्या चार गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागत, त्यांत निरुपयोगी ज्ञान, न झुकणारे अंतःकरण आणि तृप्त न होणारे मन या तिन्ही एकापाठोपाठ येतात. हा क्रम मननीय आहे.

दुःख म्हणजे ईमानचा अभाव नव्हे

वाचकहो, एक सावधगिरी आवश्यक आहे. समाधान म्हणजे डोळे कोरडे असणे नव्हे. हजरत याकूब (अलै.) यांना अल्लाहकडून विशेष ज्ञान मिळाले होते, तरी पुत्रविरहाने त्यांचे डोळे पांढरे पडले. आपले दुःख त्यांनी अल्लाहपाशीच मांडले, आशा मात्र सोडली नाही. प्रेषित (स.) यांनीही चिमुकल्या इब्राहीमच्या निधनावर अश्रू ढाळले. म्हणून घरातील एखादे हुशार मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर त्याला ईमानची कमतरता म्हणून हिणवू नका. त्याच्याजवळ बसा, दुआ करा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. उपचार करणे ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे.

आपल्या हाती काय आहे?

मुलाचा निकाल आला की प्रथम ‘कितवा आलास?’ असे विचारू नका. प्रथम त्याच्यासह अल्लाहचे आभार माना, मग ‘हे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडेल?’ असे विचारा. त्याच्या बुद्धीची ‘जकात’ त्याला काढायला लावा. मोहल्ल्यातील मागे पडलेल्या एका मुलाला आठवड्यातून दोन तास शिकवणे हीच ती जकात. रात्री पाच मिनिटे, हातात काहीही न घेता, जिक्रमध्ये बसण्याची सवय त्याला आणि स्वतःला लावा. अंतःकरणांना शांती कशात लाभते, हे सूरह रअदच्या २८व्या आयतीत अल्लाहने सांगूनच ठेवले आहे: ती त्याच्या स्मरणात आहे.

बुद्धी प्रश्नांची उत्तरे आणून देते. ती उत्तरे घेऊन कोणाच्या दारी उभे राहायचे, हे अंतःकरणाला ठरवावे लागते.

हे अल्लाह! आम्हाला लाभदायक ज्ञान दे, झुकणारे अंतःकरण दे आणि तू दिलेल्यावर तृप्त राहणारे मन दे. आमीन.