ऑपेरा हाऊसला जातेस, तर ऐक

बयो, तिकीट काढलंस ना? मग आता आत्याचे चार शब्द ऐक. रॉयल ऑपेरा हाऊसला गाडी घेऊन जाऊ नकोस. गिरगावात गाडी लावायला जागा मिळते म्हणणारा गिरगावकर नव्हेच. लोकलने जा, आणि तीही धीमी. जलद गाडी मुंबई सेंट्रलनंतर तुला थेट चर्चगेटला नेऊन टाकेल, मग उलटी येईस्तोवर बडा ख्याल अर्धा झालेला असेल. चर्नी रोडला पूर्वेला उतरलीस की चालतच जायचं.

अर्धा तास आधी पोच. दिवे मालवायच्या आत मान वर करून घुमट बघून घे, ससून घराण्याने दिलेली झुंबरं बघ. पाचव्या जॉर्जने १९११ साली उद्घाटन केलं तेव्हा इमारतीचं काम पुरं व्हायचं होतं म्हणे! मी तिथे नुसते सिनेमेच पाहिले. १९९३ला कुलूप लागलं. २०१६ला पुन्हा उघडलं आणि मी पहिल्यांदा तिथे गाणं ऐकलं, तेव्हा कळलं की इतकी वर्षं आपण या वास्तूला निम्मीच ओळखत होतो.

जागेचं नीट ऐक. बाल्कनीच्या छताखाली अगदी मागे बसू नकोस, तिथे आवाज दबतो. वरच्या मजल्यावरची मधली, पुढची रांग मिळाली तर सोडायची नाही. बाजूचे बॉक्स राजेशाही दिसतात खरे, पण तिथून गवयाचा खांदाच जास्त दिसतो. आणि तबलजीचे हात बघायचे असतील तर आपल्या उजवीकडे बस. तो असतो आपल्या डावीकडे, पण तोंड गवयाकडे असतं ना! डावीकडे बसणाऱ्याला त्याची पाठ दिसते. पेटीवरची बोटं बघायची तर याच्या उलट.

पोटभर जेवून जायचं नाही. गार हवा, मंद उजेड आणि विलंबित लय, पेंग येतेच. माझ्या शेजारचे एक गृहस्थ तर चक्क घोरले होते. थोडं खाऊन जा, शाल ने. खोकल्याची गोळी घरूनच कागद सोडून डबीत टाकून ने. आलापीत तो कागद चुरचुरला ना, की तीन रांगा वळून बघतात.

तानपुरे जुळत असताना टाळ्या नकोत. १९७१ साली न्यूयॉर्कला रविशंकरांच्या मैफलीत वाद्यं जुळली तेव्हाच लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या. त्यांना माफ, तुला नाही. समेवर मान हलव, हलकंसं ‘वा’ पुरे. मांडीवर ताल धरायचा असेल तर स्वतःच्याच मांडीवर, मधल्या सामाईक हातावर नाही. उशीर झालाच तर एक चीज संपेपर्यंत दाराशी उभी राहा. फोन पिशवीत, आणि पिशवी पायाशी.

भैरवी सुरू झाली की काही लोक गाडीसाठी उठतात. तू उठू नकोस. गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात.

आल्यावर बेल दाबू नकोस, तुझे काका जागे होतील. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवते. आमटी गरम करून घे.