गाणे ही निष्ठेची परीक्षा होऊ शकते का?



15 ऑगस्टला आपल्याकडे दोन गोष्टी एकाच सकाळी येतात : पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आणि ध्वजवंदन. राष्ट्रगीत आपण मोकळ्या गळ्याने गातो. त्यामुळे हा प्रश्न आपला नव्हेच, असे कोणाला वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. जो गात नाही तो देशाचा नाही, हे वाक्य हल्ली सहज कानावर पडते, आणि आपली मुलेही ते बोलू लागली आहेत.

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की तिवशाच्या अलीकडे मोझरी लागते. तेथे 1935 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभारला. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर आणि आष्टी पेटले. महाराजांची खंजिरीवरची भजने गावोगावी गेली होती आणि सरकारला त्यांचे भय वाटू लागले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस चंद्रपूरला त्यांना अटक झाली. सुमारे शंभर दिवस ते नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात होते. त्या काळी देशाचे गाणे म्हणणाऱ्याला किंमत मोजावी लागे, म्हणून गाण्यावरून माणूस कळे. आज त्याच गाण्याला टाळ्या मिळतात. मग आता त्यावरून काय कळते?

सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो. सोन्याची रेघ वेगळी, पितळेची वेगळी, म्हणून तर तो दगड कामाचा. गाण्याचा दगड घ्या. लाच खाणारा गातो, कर बुडवणारा गातो, रेशनचे धान्य काळ्या बाजारात विकणाराही छातीवर हात ठेवून गातो. सगळ्यांची रेघ सारखीच उमटते! या परीक्षेत अडकतो तो एकच : मनाला न पटणारे शब्द ज्याच्या तोंडून निघत नाहीत असा माणूस. खोटा पास आणि प्रामाणिक नापास, अशी ही परीक्षा आहे.

आपल्या पूर्वजांनी ती दिलेली आहे. इ. स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजानला एक पत्र लिहिले. ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना तो सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायला आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावी. खरे ख्रिस्ती हे कधी करत नाहीत, असे त्याने ऐकले होते. ज्यांनी केले ते सुटले. जे आपल्या शब्दावर ठाम राहिले त्यांना त्याने मृत्युदंड दिला. त्या लोकांचा दुसरा गुन्हा त्याला शोधूनही सापडला नाही. आम्ही चोरी करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ ते आपापसांत घेत, एवढेच त्याला कळले. राज्याला याहून चांगले नागरिक कोणते हवे होते?

आपल्या देशात असाच प्रसंग 1985 साली केरळात आला. यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन मुले शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले. (या पंथाची शिकवण आपल्याला मान्य नाही, हे येथे सांगितलेले बरे; त्यांचे लोक आपल्याही दारी येतात.) उच्च न्यायालयात ती हरली. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्यास सांगितले. न्यायालयाने म्हटले की राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही, आणि जो आदराने उभा राहतो तो अनादर करत नाही. 1971 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे तो दुसऱ्याला गाण्यापासून रोखण्याचा किंवा गाणाऱ्यांमध्ये गोंधळ घालण्याचा. मुद्दाम दंगा करणे वेगळे आणि गप्प उभे राहणे वेगळे.

गप्प राहण्याचा अर्थ मोझरीला तर कळलेलाच आहे. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी अफाट समुदाय मौन श्रद्धांजलीसाठी स्तब्ध होतो. जन्मभर भजने गायलेल्या संताला लोक अशा वेळी मौनाने वंदन करतात, आणि हे लोक भजन का म्हणत नाहीत, असे कोणी विचारत नाही.

गाण्याचा आग्रह धरणाऱ्यांच्या मनात वाईटच असते असे नाही. ज्या घरचा मुलगा सीमेवर आहे त्या घराला शेजाऱ्याचे न गाणे बोचू शकते, आणि ते दुःख आपण समजून घ्यावे. पण बोचणे हा पुरावा नव्हे. 16 मार्च 2016 रोजी ‘भारत माता की जय’ म्हणण्यास नकार दिल्याबद्दल आमदार वारिस पठाण यांना आपल्या विधानसभेने अधिवेशन संपेपर्यंत निलंबित केले. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही त्यात एक झाले. ‘जय हिंद’ म्हणायची त्यांची तयारी होती. त्यांचे राजकारण आम्हांला पटते असे नाही. पण आमदाराकडून संविधान जी शपथ मागते तिच्यात ही घोषणा नाही. तिच्यात संविधानाप्रती खरी श्रद्धा आणि निष्ठा मागितली आहे, आणि तीही ‘ईश्वरसाक्ष’ म्हणून घ्यावी की ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणून, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडले आहे. प्रत्यक्ष निष्ठेच्या शपथेतच घटनाकारांनी विवेकाला जागा ठेवली.

मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन मुलांचा दाखला (अध्याय 21) या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत मुलांबरोबर वाचावा. एकाने बापाला नाही म्हटले आणि नंतर मळ्यात गेला, दुसऱ्याने हो म्हटले आणि गेलाच नाही. दोघांपैकी कोण खरा, ते मुलांनाच सांगू द्या.

ध्वजवंदनाला नेहमीप्रमाणे सर्वांनी यावे आणि ज्यांना गाता येते त्यांनी मोठ्याने गावे. शेजारी उभा असलेला पाहुणा गप्प दिसला तर त्याला कोपराने ढोसू नये. चहा आणि जिलेबी त्यालाही मिळेल.