नळदुर्गची वसंत-सहल आणि परसबागेचा धडा

शिमगा सरतो न सरतो तोच बालाघाटच्या उतारांवर पळस आणि पांगारा पेटून उठतात. आंब्याच्या मोहोरात बारीक कैऱ्या दिसू लागतात, तर पाडव्याच्या सुमारास कडुनिंब फुलतो. वनभोजनासाठी घराबाहेर पडावे असे हे दिवस. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गावर वसलेले नळदुर्ग हे अशा सहलीचे एक उत्तम ठिकाण होय.

येथील ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे पावसाळ्यात कोसळतात. वसंतात ते दिसले नाहीत म्हणून काही प्रवासी निराश होतात. वस्तुतः बांधाची रचना न्याहाळण्यास हाच काळ अधिक सोयीचा असतो.

पाणीमहालाची शिकवण

किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांना जोडणारा दगडी बांध बोरी नदीवर घातलेला आहे. दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ च्या सुमारास, बांधाच्या पोटात पाणीमहाल उभारण्यात आला. पुराचे पाणी माथ्यावरून ठरावीक वाटांनी खाली झेपावते. आतील दालनात मात्र माणूस कोरडा राहतो. पाऊस चार महिने आणि गरज बारा महिने, या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी शोधलेले हे एक उत्तर आहे. घरामागच्या बागेलाही हाच हिशेब लागू पडतो.

वसंतात खड्डे, मृगात रोपे

बहरलेला निसर्ग पाहून परतल्यावर लगेच रोप लावण्याची हौस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पर्जन्यछायेतील या भागात चैत्रात लावलेले रोप वैशाखाच्या उन्हात बहुधा करपते. पळस फुलतो तो खोल गेलेल्या मुळांच्या बळावर. नव्या रोपाला ते बळ नसते.

म्हणून वसंतात खड्डे खणावेत. आंब्यासाठी सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल, तर सीताफळासाठी साठ सेंटिमीटरचा खड्डा पुरतो. तो उन्हात तापू द्यावा. त्यामुळे मातीतील किडी व रोगजंतू कमी होतात. पावसापूर्वी पालापाचोळा, कुजलेले शेणखत व चांगली माती यांनी तो भरावा आणि मृगाचा पाऊस पुरेसा झाल्यावर रोप लावावे.

थोड्या पाण्यात भाजीपाला

वेलभाज्यांसाठी मातीचे न भाजलेले नव्हे, तर भाजलेले पण झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे. भोवती दुधी, दोडका वा कारल्याचे बी टोकावे. मडके भरून तोंड झाकले म्हणजे पाणी सावकाश पाझरून थेट मुळांशी पोहोचते. आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळला पाला आठ-दहा सेंटिमीटर पसरल्यास ओल टिकते. भाजी-धान्य धुतलेले पाणीही वाया न घालवता आळ्यात सोडावे.

१९७२ च्या दुष्काळाने पाण्याचे मोल महाराष्ट्राला पटवून दिले. पुढे १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली आणि कोरडवाहू रानांतही फळझाडे उभी राहिली. नळदुर्गहून परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मोहोराची फांदी तोडून आणण्याऐवजी अंगणात एक खड्डा खणावा. सहलीची ती आठवण पुढे अनेक वसंत सावली देईल.